सत्तारभाऊंचा डावा गाल

नाटकाची घंटा व्हायच्या आधी सत्तारभाऊंच्या डाव्या गालाकडे पाहिलं की आज कोणतं नाटक आहे ते कळायचं. गुलाबी रंगावर भगवा आणि जबड्यापाशी काळा ओरखडा असला तर हुंड्याचं नाटक, त्यात एक दारुडा नक्की. निळा पट्टा दिसला तर कुठल्या तरी अंकात देव येणार. कारण कोणताही रंग दुसऱ्याच्या तोंडाला लावण्याआधी ते तो स्वतःच्या डाव्या गालावर लावून पाहायचे. मिशा चिकटवायचा डिंकसुद्धा. डिंकाचा ठिपका गालावर ठेवायचे, डोळे मिटून जरा वेळ बसायचे आणि मग म्हणायचे, "हां, नाई चावत. या आता."

तो गाल पुसायचं मात्र त्यांच्या ध्यानातच राहत नसे. तशाच रंगीत गालाने ते चहाला जायचे, गावच्या पाटलाशी गप्पा मारायचे. मंडळीतले लोक चिडवायचे, "सत्तारभाऊ, तुमच्या गालावर तं आख्खी मंडळी बसली हाये जी!" ते म्हणायचे, "बसू द्या ना. मले काय वझं होऊन राह्यलं?" त्या गालाविषयी मी हसत हसत लिहायला घेतलं खरं, पण या बाबतीत हसायचा अधिकार मला नाही. शेवटच्या दिवसांत सत्तारभाऊंच्या वाट्याला एक सुख यायला हवं होतं, आणि ते माझ्यामुळे आलं नाही. ते कसं, हे सांगायचं तर आधी माणूस कसा होता ते सांगायला हवं.

वडशाला नाटक मंडळ्यांची दुकानवजा ऑफिसं आहेत. दिवाळी झाली, धान घरात आलं की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. मग होळीपर्यंत आमची गाडी आज या गावी तर उद्या त्या गावी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी चंद्रपूरहून या मंडळीत नायिकेची कामं करायला आले तेव्हा विशीतली होते. दिसायला बरी होते, आणि ते मला जरा जास्तच ठाऊक होतं. सत्तारभाऊ मंडळीचे मेकअपवाले. नाटकांचा हंगाम संपला की ते वडशाच्या बाजारात बांगड्यांचं लहानसं दुकान चालवायचे. बायको बरीच वर्षं आधी वारली होती. रुखसाना नावाची एकुलती एक मुलगी सिरोंच्याला दिली होती.

आदल्या वर्षी दुसऱ्या एका मंडळीत, म्हातारीचा टोप काढताना माझ्या कपाळाची सालं निघाली होती. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी मी सत्तारभाऊंना बजावलं, "डिंक लावान तं पाहा, मी तमाशा करीन." ते हसले नाहीत की रागावले नाहीत. "नका लावू जी," म्हणाले, "बसा तिथी. पाहा. पटलं तं या." मी पाय हलवत बसून राहिले. त्यांनी साबणाने हात धुतले, नाकाशी नेऊन हुंगले, पुन्हा धुतले. मग एकेकाला समोर घेतलं. आधी आपला गाल, मग त्याचा. सगळ्यांचं आटोपलं तरी मी उठेना, तेव्हा आमचे मालक देवरावभाऊ माझ्यावर ओरडले आणि मी मुकाट्याने जाऊन बसले. सत्तारभाऊ एवढंच म्हणाले, "चावन तं आधी माह्या गालाले चावन. भेऊ नका."

बाकी सगळे मला 'ए नलू' म्हणत. ते 'नलूबाई' म्हणायचे आणि त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही अहो-जाहो करायचे. हनुवटीला दोन बोटं लावून चेहरा दिव्याकडे वळवायचे तेव्हा ती बोटं लागल्याचंही कळायचं नाही. "चेहरा म्हंजे लोकाचं घर हाये, नलूबाई. जोडे काढूनच आत जा लागते." माणसाच्या कातडीवरून त्यांना कोण उपाशी आहे, कोण रडलंय, कोणी काल घेतली होती, सगळं समजायचं, पण बोलायचे त्यातलं निम्मंच. वामन हा आमचा विनोदी नट, त्याची टकळी कधी बंद नसायची. त्याला गप्प बसवायला ते सगळ्यात आधी त्याचे ओठ रंगवायचे. "आता बोलान तं दातं लाल होतीन." आणि मला म्हणायचे, "तुमच्या नाकाले रंग कमीच लावतो. तिथी रागानं आधीच लाल हाये."

रात्रभराचा प्रयोग सकाळी सुटला की रंग उतरवायला खोबरेल तेलाची बाटली घेऊन ते बसलेले असायचे. दुसरे मेकअपवाले रंग लावून झाला की पेटी मिटून झोपायचे. हे शेवटच्या माणसाचा चेहरा साफ होईपर्यंत जागे. "रंग लावाले सारेच येतेत जी. उतरवाले कोणी थांबत नाई," असं ते कुरकुर करत म्हणायचे, पण ती कुरकुर लटकी होती. झोपेने पेंगणाऱ्या माणसाच्या कानामागचा रंग ते त्याला न उठवता पुसून काढायचे.

एकदा गडचिरोलीकडच्या एका गावात आम्हा बायांचा उतारा ज्या घरी होता, त्या घरच्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. पोरीच्या गालावर लहानपणी भाजल्याचा डाग. आईने सत्तारभाऊंना गळ घातली, "भाऊ, एवढा झाकून द्या." त्यांनी आपल्या गालावर रंग लावून पाहिला, मग तिच्या. डाग कुठे होता ते शोधून सापडेना. आरसा तिच्या हातात देऊन ते म्हणाले, "पाह्य बेटा, आता दिसून नाई राह्यला. पन लगन झाल्यावर कधी ना कधी तोंड धुशीनच ना? मंग आजच धुवून जा." आई कसनुशी झाली, पोरगी मात्र फिस्सकन हसली आणि तोंड धुऊनच पाहुण्यांसमोर गेली. पुढे जमलं की नाही ते आम्हाला कळलं नाही, आमची गाडी दुपारीच निघाली.

माझ्या तिसऱ्या हंगामाआधीच्या पावसाळ्यात सत्तारभाऊ आजारी पडले. ताप, खोकला, अंगावरचं मांस उतरलेलं. दवाखान्यात रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, पण दवाखान्यातल्याच कोणीतरी बाजारात सांगितली आणि त्यांच्या दुकानातली गिऱ्हाईकं आपोआप समोरच्या दुकानात गेली. तो आजार त्यांना कुठून लागला हे ते कधी बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. मंडळीतल्या प्रत्येकाने मात्र आपापली एक कहाणी रचली होती. तेव्हा आपल्याकडे त्यावर गरिबाला परवडेल असं औषधही नव्हतं. आजार म्हणजे वाट पाहणं, एवढंच लोकांना माहीत होतं.

दिवाळीनंतर पहिल्या प्रयोगाला ते नेहमीसारखे पेटी घेऊन आले. थोडे वाळले होते, पण हसत होते. कोणीही त्यांना वाईट बोललं नाही. तेच तर वाईट होतं. प्रत्येकाच्या खिशातून आपापली रंगाची डबी निघाली. "तुमाले कायले तरास सत्तारभाऊ, माह्यं मी पाह्यतो," वामन म्हणाला. दुसरा म्हणाला, "मले तं थोडासाच लागते." जेवणाच्या पंगतीत त्यांच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहिली, आणि चहा कपातून न देता कागदी पेल्यातून आला. सत्तारभाऊ साबणाने हात धुऊन, हुंगून, पुन्हा धुऊन पेटीपाशी बसून राहिले. समोर कोणी आलंच नाही.

देवरावभाऊंनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण मंडळी चालवायची होती. "नलू, त्याले घरी पाठवा लागते. कोनी बसून नाई राह्यलं तं ठेवू कायले?" मला एकदम संताप आला. चंद्रपूरला आईचं औषध आणायला गेले की सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर चित्रांसकट लिहिलेलं मी किती वेळा वाचलं होतं: एकत्र जेवल्याने, हात मिळवल्याने, अंगाला अंग लागल्याने हा आजार होत नाही. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शिकले सवरले म्हनवता ना? हात लावल्यानं काही नाई होत. मी बसतो त्याईच्यासमोर." आणि जाऊन बसले. नायिकाच बसली म्हटल्यावर देवरावभाऊंना बोलायला जागा उरली नाही. सत्तारभाऊंची नोकरी अशी माझ्या चेहऱ्यावर टिकली.

त्या संध्याकाळी त्यांनी पेटी उघडली. नेहमीसारखं आधी स्वतःच्या गालाला बोट लावलं, मग थबकले, माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून गाल पुढे केला.  दुसऱ्या दिवसापासून माझा भाव वाढला. ज्यांनी स्वतः डब्या काढल्या होत्या तेच लोक गावोगाव माझं कौतुक सांगू लागले. एका गावच्या मास्तरांनी मला स्टेजवर बोलावून नारळ दिला. मी तो घेतला. मला फार गोड वाटलं, हेही सांगून टाकते.

आता खरं ते. मी भीत होते. भिंतीवरचं वाचलेलं डोक्याला पटलं होतं, कातडीला पटलं नव्हतं. त्यांचं बोट त्यांच्या गालावरून माझ्या गालावर आलं की मला वाटायचं, इथे एखादी पुळी फुटलेली असली तर? त्यांचा घाम त्या रंगात उतरला असला तर? म्हणून मी मेडिकलमधून स्पिरिटची बाटली घेतली. सकाळी ते तेलाने रंग उतरवून द्यायचे, "झाला साफ चेहरा, जा झोपा," म्हणायचे, आणि मी उताऱ्याच्या घराच्या मागच्या अंगणात जाऊन पंचा स्पिरिटमध्ये भिजवून दोन्ही गाल खसाखसा घासायचे. डोळ्यांतून पाणी यायचं. वास लपवायची गरज नव्हती, डिंकामुळे त्यांच्या पेटीलाही तसाच वास यायचा.

थंडीचे दिवस, त्यात रोजचं स्पिरिट. गाल लाल झाले, मग कोरडे पडले, मग बारीक पुरळ उठलं आणि सालपटं निघू लागली. हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं असेल तर अर्थातच सत्तारभाऊंच्या. "हे काय जी नलूबाई?" मी म्हटलं, थंडी. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी तोंडाला लावायचा सफेदा बदलला. डिंक बंद करून टोप पिनांनी बसवला. माणूस पाठवून नागपूरहून भारी रंगाच्या ट्यूबा मागवल्या. स्वतःच्या गालावर रंग लावून अख्खी दुपार तसाच ठेवू लागले. "मले तं चावून नाई राह्यला. तुमालेच काऊन चावते?" असं पुन्हा पुन्हा म्हणायचे. मी ऐकून घ्यायचे आणि सकाळी पुन्हा बाटली काढायचे. पुरळ वाढलं तशी माझी भीती वाढली, आणि भीती वाढली तशी मी जास्त घासायचे. स्पिरिटनेच हे होतंय, हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते.

एका संध्याकाळी रंग कालवून झाला तरी त्यांनी तो उचलला नाही. आसपास कोणी नाही असं पाहून ते अगदी हळू म्हणाले, "नलूबाई, एक विचारू? खरं सांगजा. हे माह्या हातानं तं नाई ना होऊन राह्यलं?"

मी समोरच्या डबीचं झाकण फिरवत राहिले.

"दवाखान्यातल्यानं सांगतलं होतं मले, हात लावल्यानं काही होत नाई म्हनून," ते म्हणाले. "पन जी, त्यानं बी मले दुरूनच सांगतलं."

त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. 'सत्तारभाऊ, मी रोज स्पिरिट लावते.' पण ते वाक्य म्हणजे मीही वामनसारखीच, किंबहुना त्याच्याहून वाईट, असं कबूल करणं होतं. वामन निदान त्यांच्या तोंडावर डबी काढत होता. नारळ घेतलेली, गावोगाव नाव झालेली मी, माझ्या तोंडून ते निघेना. मी खाली पाहून म्हणाले, "कोनाले माहीत जी."

सत्तारभाऊंनी मान हलवली. कालवलेला रंग तसाच माझ्यापुढे सरकवला, आरसा माझ्यासमोर उभा केला आणि स्वतः दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. "घ्या. मी सांगतो, तुमी लावा. आधी कपाळ. बोटानं ओढू नका, थापा. हां. आता नाकाच्या बाजूनं खाली." शब्दाशब्दाने त्यांनी माझ्याकडून माझा चेहरा करवून घेतला. माझ्या भुवया वाकड्या होत होत्या. त्यांचा हात पाठीमागून सुटून पुढे यायचा आणि ते तो परत मागे न्यायचे. त्यानंतर त्यांनी कोणालाही हात लावला नाही. देवरावभाऊंना मीच विनवलं आणि त्यांनी सत्तारभाऊंना सांगून शिकवायचं काम देऊन ठेवून घेतलं. लोक म्हणाले, नलूचं मन मोठं आहे.

त्यांचा हात लागत नाही म्हटल्यावर मी स्पिरिट लावायची थांबले. साहजिकच आठवडा-पंधरवड्यात गाल बरे झाले. सत्तारभाऊ रोज लांबून पाहत होते. एका सकाळी म्हणाले, "पाहा, म्या हात काढला अन् तुमचा चेहरा साफ झाला." दुःखाने नाही, समाधानाने म्हणाले. माझ्या चेहऱ्याचं नुकसान टळलं याचंच त्यांना बरं वाटत होतं. आता तरी बोलावं असं मनात आलं, पण इतक्या उशिरा काय सांगायचं, असं म्हणून मी ते मनातच दाबलं. होळी झाली, हंगाम संपला, मी चंद्रपूरला परत आले.

उन्हाळ्यात कळलं की रुखसाना बाळंतपणाला वडशाला आली आणि तिला मुलगी झाली. मी एक झबलं घेऊन भेटायला गेले. सत्तारभाऊ अंगणात कडुलिंबाखाली खाटेवर पडले होते. खूपच खंगले होते. त्यांची ताटली, गडू, चादर सगळं एका वेगळ्या कोनाड्यात मांडलेलं. घराच्या उंबऱ्याच्या आत ते पाऊल टाकत नव्हते. मी येताना दिसले तसे धडपडून उठून बसले. "रुखसाना, पाह्य कोन आलं! माही नलूबाई आली."

रुखसाना बाळाला घेऊन बाहेर आली. चेहऱ्यावर बापाचं हसू, पण डोळे रडून सुजलेले. बाळ तिने माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "बाई, तुमचं तरी आयकतेत का पाहा. चाळीस दिवसाची होऊन राह्यली नूरी, अब्बानं एकदा बी हातात नाई घेतली. आधी बिमारीत असं नव्हते करत. माह्या हातचं खात होते, माह्याजवळ बसत होते. नाटकाहून आले तवापासून हे सुरू झालं. डाक्टरीनबाईनं सोता येऊन सांगतलं, आजोबानं घेतल्यानं लेकराले काही होत नाई."

सत्तारभाऊ खाटेवरून शांतपणे म्हणाले, "डाक्टरीनबाईनं पुस्तकात वाचलं, बेटा. म्या नलूबाईच्या गालावर पाह्यलं."

 मांडीवरच्या लेकराने अंग ताणलं, जांभई दिली. सत्तारभाऊ दुरून मान उंच करून तिच्याकडे पाहत होते. मी तिथेच सगळं सांगितलं. भीती, बाटली, पंचा, मागचं अंगण, काहीही ठेवलं नाही. सांगताना मी रडत होते आणि वर पाहायची हिंमत होत नव्हती. "तुमच्या हातानं नाई झालं, सत्तारभाऊ. मी सोता जाळला माहा चेहरा. तुमाले भेऊन. घ्या पोरीले, तुमच्या पाया पडतो, घ्या."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जन्मात विसरणार नाही. ते माझ्याकडे कौतुकाने पाहत होते.

"किती मोठं मन हाये जी तुमचं," ते म्हणाले. "माह्या नातीसाठी सोतावर आळ घेऊन राह्यल्या. सारे पळाले तवा ज्या बाईनं गाल पुढं केला, ते कायले स्पिरिट लावन? मले येडं समजता का?"

मी शपथा घेतल्या. म्हटलं, आत्ता मेडिकलमधून बाटली आणून तुमच्यासमोर लावून दाखवते, दोन दिवसांत पुरळ येईल, बघा. त्यांनी हात जोडले. "नका जाळू जी चेहरा माह्यापाई. एवढं केलं तेच लय झालं." मी बाळाला उचलून त्यांच्या खाटेकडे निघाले, तसे ते अंगात त्राण नसताना उठून भिंतीपर्यंत मागे सरकले. हात पाठीमागे घेतले होते. त्यांना धाप लागली, म्हणून रुखसानाने माझ्याकडून लेकरू घेतलं आणि ती मला म्हणाली, "राहू द्या."

त्या पावसाळ्यात सत्तारभाऊ गेले. नूरीला त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. मी मातीला गेले नाही. पुढच्या हंगामात मंडळीतही गेले नाही. लग्न करून घुग्घुसला आले. दीड-दोन वर्षांनी वडशाला जाण्याचं निमित्त निघालं तेव्हा बांगड्यांच्या दुकानात रुखसाना बसलेली दिसली. नवऱ्यासह तिथेच राहायला आली होती. तिने मला ओळखलं, बसायला पाट दिला, चहा मागवला.

"अब्बा शेवटपावतर तुमचंच नाव घेत होते," ती म्हणाली. "म्हनत होते, नलूबाईसारखी बाई पाह्यली नाई."

"रुखसाना," मी म्हटलं, "मी त्या दिवशी बोलले ते खरं होतं."

"मले माहीत हाये. अब्बाले नाई पटलं. मले तवाच पटलं."

"मंग बोलली काऊन नाई त्याईले?"

ती काचेच्या बांगड्या एका दोऱ्यात ओवत होती, हात थांबवला नाही. "लय डाव तोंडावर आलं. पन साऱ्या दुनियेत एक मानूस आपल्याले भ्यालं नाई, एवढंच होतं त्याईच्याजवळ. ते बी काढून घेऊ? अन् काढून घेतलं असतं तरी त्याईनं पोरीले हातात घेतलंच असतं, कोन सांगन? आता रोज वाटते, बोलाले पाह्यजे होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. मी वाहायचा तो भार आता ती वाहत होती, आणि तिचा त्यात काहीच दोष नव्हता.

नूरी दुकानाच्या फळीपाशी खेळत होती. नवं माणूस पाहून ती माझ्याकडे आली आणि माझ्या पदराचं टोक मुठीत धरून हसली. मी तिला घ्यायला हात पुढे केले. रुखसानाने बांगड्या खाली ठेवल्या, पोरीची मूठ हलकेच सोडवली आणि तिला उचलून आपल्या पलीकडच्या बाजूला बसवलं. "चहा घ्या, बाई," ती म्हणाली. "थंडा होऊन राह्यला."